टर्बोची जीप घेऊन हैदराबादला

नांदेडची माणसं हैदराबादला जातात ती बहुतेक रेल्वेनं. रात्री डब्यात आडवं व्हायचं, सकाळी काचीगुड्याला उतरायचं, दवाखाना नाहीतर लग्न उरकायचं आणि परतीची गाडी धरायची. मीही आजवर तशीच गेले होते. गेल्या नोव्हेंबरात मात्र जीपनं गेले, आणि जीपही अशी, की तिच्या इंजिनाला मी स्वतःच्या हातानं टर्बो बसवलेला. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही आणि ज्यांच्या दारात असली गाडी नाही, त्यांना हे सांगावंसं वाटलं.

नांदेडला माझं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. लेथवर मी स्वतः उभी राहते. नवरा शाळेत गणित शिकवतो. जीप ही माझी हौस. जुनं, साधं डिझेल इंजिन. ओझं ओढायचं, पण चढावर दमायचं. म्हणून अपघातात मोडलेल्या एका गाडीचा टर्बो आणून मी तिला बसवला. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच्यासोबत फिरणारा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर जोर जास्त. उन्हाळ्यापासून जीप नांदेडात विनातक्रार पळत होती.

ती हैदराबादला न्यायचं कारण माझी भाची. माझी थोरली बहीण वंदनाताई लग्न होऊन चिक्कडपल्लीला गेली, त्याला आता तीसेक वर्षं झाली. तिची मुलगी संघमित्रा, घरात मितू, गुरांची डॉक्टर झाली. शहरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात बरी नोकरी मिळत होती. ती सोडून मितूनं विकाराबादकडच्या डोंगरातल्या गावांत फिरून जनावरांवर उपचार करायचं काम घेतलं. काम देणाऱ्यांची अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. ताईला हे सगळं नापसंत. मला इतकं पसंत, की मी जीप मितूलाच देऊन टाकायची ठरवली.

देगलूरच्या पुढे

गुरुवारी सकाळी निघाले. निघण्याआधी एक काम केलं होतं. मितूला दगडधोंड्यांच्या रस्त्यांवर फिरायचं, म्हणून इंजिनाच्या खाली जाड लोखंडी पत्रा बोल्टांनी आवळला, म्हणजे दगड लागला तर पत्र्याला लागेल, इंजिनाला नाही.

देगलूर ओलांडलं की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. आपल्याकडे सोयाबीन निघून गेलेली काळी रानं उघडी पडली होती. मदनूर मागं टाकलं तसा भात दिसायला लागला, बांधांवर ताडाची झाडं, आणि मग जमीनच तांबडी झाली. मधेच एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड गोल धोंडे. नांदेडच्या माणसाला दगड म्हणजे काळा, चपटा, फुटणारा. हे धोंडे कुणी घासूनपुसून ठेवल्यासारखे गुळगुळीत होते.

पिटलमला एका हॉटेलापुढे थांबले. मालकानं विचारलं, "टिफिन?" मी पिशवीतून माझा डबा काढून दाखवला, "आहे माझ्याकडे." तो हसायला लागला. त्याच्याकडे टिफिन म्हणजे इडली-डोसा, आपल्याकडे टिफिन म्हणजे डबा. मी धपाटे उघडले. त्यानं वास घेतला, एक मागितला, आणि बदल्यात माझ्यापुढे शेंगदाण्याची चटणी आणि दोन गरम वडे ठेवले. आम्हाला एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पण धपाट्यात ओवा आहे हे त्यानं नाकानंच ओळखलं.

संगारेड्डीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. गाड्या कच्च्यातून वळवल्या होत्या. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून सुटलेला एक धोंडा मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. खाली दणका बसला. गाडी बाजूला घेऊन मी वाकून पाहिलं. पत्र्याला मधोमध वाटीएवढा पोचा पडलेला. कुठं थेंब गळत नव्हता. पत्रा ज्यासाठी लावला ते त्यानं केलं, असं म्हणून मी निघाले.

पटनचेरूच्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना आरशात पाहिलं. मागं निळसर धूर होता. काळा धूर असता तर मला काही वाटलं नसतं. निळा धूर म्हणजे इंजिन डिझेलसोबत स्वतःचं ऑइल जाळतंय. वेग घेतला की तो नाहीसा व्हायचा, थांबले की पुन्हा यायचा. मी तो लक्षात ठेवला आणि चिक्कडपल्ली गाठली.

चिक्कडपल्ली

ताईचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मितू खालीच उभी होती. मला भेटायच्या आधी ती जीपला भेटली.

"मावशी, काय कडक दिसतेय गं! मी एक राउंड मारू?"

"आधी ऐकून घे. धूर देतेय जराशी."

"थोडासाच ना? चल की, तू बस बाजूला."

मी बाजूला बसले. मितूनं हात बसलेला असल्यासारखी जीप नारायणगुड्यापर्यंत नेली आणि गर्दीतून हळूहळू परत आणली. दारात उभी करून तिनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं नाही.

उलट आवाज चढायला लागला. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, चावी बंद होती, तरी इंजिन किंचाळत वरवर चाललं होतं. गल्ली निळ्या-पांढऱ्या धुरानं भरली. भाजीवाल्यानं गाडा सोडून पळ काढला. मला काय झालंय ते कळलं. टर्बोतून ऑइल हवेच्या नळीत उतरलं होतं, आणि डिझेल इंजिनाला ऑइलही इंधनासारखंच चालतं. डिझेल तोडलं तरी ते आता ऑइलवर धावत होतं, आणि असं धावणारं इंजिन फुटेपर्यंत धावतं.

"मितू, क्लच दाब! चौथा गिअर टाक!"

तिनं टाकला.

"ब्रेकवर उभी राहा! हँडब्रेक मी ओढते. आता क्लच सोड. एकदम सोड!"

तिनं सोडला. जीप गचकन पुढं झेपावली, सगळा सांगाडा थरथरला, ब्रेकनं जखडलेली चाकं इंजिनाला फिरवता आली नाहीत आणि ते मेलं. एवढी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला.

मितूचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. ती म्हणाली, "जमलं ना, मावशी?"

"जमलं," मी म्हणाले. खरं सांगायचं तर नव्या माणसाला ते सहसा जमत नाही. घाबरून माणूस उडी मारतो.

वर पाहिलं तर गॅलरीत ताई उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, आंबट डाळ आणि गोंगुराची चटणी होती. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आपण ती कण्या घालून शिजवतो, वर लसणाची फोडणी. इथं ती तेलात परतून, मिरची घालून, जिभेला झिणझिण्या येतील अशी करतात. एरवी मी वाखाणली असती. ताई भांडी आपटत वाढत होती. भाऊजी काचीगुड्याला रेल्वेत, स्वभावानं शांत. ते भाकरीकडे बघत जेवत होते. शेवटी ताईच बोलली.

"सुनंदा, जी गाडी चावीनं बंद होत नाही तिच्यात तू माझ्या पोरीला बसवणार?"

"नाही बसवणार. दुरुस्त झाल्याशिवाय नाही."

"दुरुस्त झाली हे ठरवणार कोण? तूच ना?"

मितू म्हणाली, "आई, मी बंद केली ना ती! मीच केली ना?" ताईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काचीगुडा

शुक्रवारी भाऊजींच्या ओळखीच्या सत्तारभाईंनी दोर बांधून जीप ओढत त्यांच्या गॅरेजात नेली. काचीगुडा स्टेशनच्या मागं एक पिंपळ, त्याच्याखाली पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा. सत्तारभाई माझ्याच वयाचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज मोठा.

"टर्बो गया, बाजी," त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं. "नवा डालो, टेन्शन खतम."

"बघून घेऊ ना आधी, भाई."

"हौ, देखलेव. देखने कू कौन मना कर रा?"

मी हवेची नळी सोडवली. आत ऑइल चमकत होतं. टर्बोच्या पंख्याला बोटांनी धरून पुढंमागं ओढून पाहिलं. दांडा गेलेला असता तर हलला असता. पंखा आजूबाजूच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असत्या. दांडा घट्ट होता, पंखा स्वच्छ. सत्तारभाईंनीही हलवून पाहिला. मग ते पहिल्यांदा गंभीर झाले.

"टर्बो तो अच्छा है."

"मग ऑइल बाहेर का येतंय?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही साधारण माहीत होतं. टर्बोचा दांडा ऑइलवर तरंगत फिरतो. ऑइल बारीक नळीतून पंपाच्या दाबानं आत येतं. काम झाल्यावर मात्र त्याला कुणी ढकलत नाही. ते फेसाळ होऊन, नुसत्या वजनानं, जाड नळीतून खाली इंजिनाच्या तळाशी पडतं. ही परतीची नळी कुठं अडली, वर चढली किंवा चेपली, तर ऑइल टर्बोतच साचतं आणि मिळेल त्या फटीतून निघतं. टर्बो बदला नाहीतर तीन बदला, धूर तोच राहील.

खड्ड्यात उतरून आम्ही खालचा पत्रा सोडला आणि परतीची नळी पाहिली. जाड रबरी नळी, गोल गरगरीत. कुठं चीर नाही, पीळ नाही. काढून फुंकली, वरून ऑइल ओतलं. धार सरळ खाली पडली. इंजिनाच्या पोटात जास्तीची हवा कोंडत असेल तरी ऑइल उतरत नाही, म्हणून ऑइल भरायच्या तोंडावर हात धरून पाहिला. हलकासा वारा लागला, तेवढा लागतोच. हवेच्या नळ्या धुतल्या, ऑइल भरलं. पुन्हा ऑइलवर पळालीच तर हवा कोंडून बंद करता यावी म्हणून एक लाकडी फळी घेऊन मी हवेच्या तोंडाशी उभी राहिले आणि जीप चालू केली.

एक कप चहा होऊन दुसरा आला, तरी धुराचं नाव नाही. सत्तारभाईंनी आकाशाकडे हात केले. "कुछ कचरा होंगा, निकल गया." मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं.

पत्रा लावला, बोल्ट आवळले आणि बरकतपुऱ्याकडे चक्कर मारायला निघालो. सिग्नलला थांबलो आणि आरशात निळं दिसलं. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. या वेळी ती झाली.

संध्याकाळी घरी बैठक बसली. भाऊजींनी नरमाईनं सुचवलं, "टर्बो काढूनच टाकला तर? पहिल्यासारखी गाडी होईल." सत्तारभाईही तेच म्हणाले होते. सूचना वेडी नव्हती. पण औषधांच्या पेट्या, बर्फाचा डबा आणि वर दोन माणसं घेऊन ती जीप विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या घाटात कशी कण्हेल ते मला ठाऊक होतं.

मितूनं विचारलं, "मावशी, खरं सांग. काढू या का?"

"काढायचा तर काढू. पण का धूर येतो ते कळल्यावर. न कळता काढला तर मला झोप लागायची नाही."

"आणि रविवारपर्यंत नाही कळलं तर?" ताईनं विचारलं.

"तर मी जीप ट्रकवर टाकून परत नेईन."

मितू उठून आत गेली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर बसून ती रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणते.

पुन्हा चिक्कडपल्ली, मग अफझलगंज

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन बसले होते. ताई पोळ्यांची कणीक मळत होती. मी मनातल्या मनात कालचा दिवस पुन्हा चालवत होते. नळी पाहिली तेव्हा ठीक. शेडमध्ये इंजिन चालवलं तेव्हा ठीक. बाहेर नेली तेव्हा धूर. बाहेर आणि शेडमध्ये फरक काय? वेग, हादरे, ऊन. आणि पत्रा. नळी पाहायची तर पत्रा काढावा लागतो. म्हणजे पत्रा जागेवर असताना नळी कशी दिसते, हे आम्ही दोघांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं.

आणि त्या पत्र्याला वाटीएवढा पोचा होता. आत गेलेला.

"ताई, कणकेचा एक गोळा दे."

"कशाला?"

"नळीला लावायचाय."

लहानपणी मी घरातलं घड्याळ खोलून बसले होते तेव्हा आईनं पाहिलं होतं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग गोळा तोडला, ताटलीत घातला, झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मी येते. माझ्या कणकेचं काय करताय ते बघू दे."

अशा मितूसकट आम्ही तिघी सत्तारभाईंकडे गेलो. परतीच्या नळीच्या खालच्या अंगाला मी कणकेची बोटभर जाड पट्टी लावली आणि वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळला. सत्तारभाईंनी काही न विचारता पत्रा उचलून धरला. बोल्ट आवळले. मग तेच बोल्ट पुन्हा सोडले.

ताई खड्ड्याच्या काठावर वाकली होती. पत्रा खाली आल्याबरोबर सगळ्यात आधी तिनं पाहिलं.

"अगं, ही तर लाटली गेली!"

खरंच लाटली होती. दोन्ही टोकांना पट्टी जाड, आणि मधे, पोच्याच्या जागी, कणीक कागदासारखी झालेली. पत्रा आवळला की पोचा नळीला खालून वर दाबायचा, नळी चेपायची. पत्रा काढला की रबर पुन्हा गोल. आम्ही पाहायला गेलो की रोग गायब.

सत्तारभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! हमीच खोल रैं, हमीच ढूंड रैं!" मग ताईकडे वळून म्हणाले, "आपा, आपका आटा तो मशीन निकला."

ताई हसली नाही. पण तिनं विचारलं, "आता काय करणार?" परवा ती विचारत होती दुरुस्त झाल्याचं ठरवणार कोण म्हणून. आज तिला कसं करणार ते हवं होतं.

पोचा ठोकून काढणं सोपं होतं. पण पुढच्या धोंड्याला पुन्हा पडेल. मी नळीच बदलायची ठरवली. मधला सगळा भाग लोखंडी, थोडा मोठ्या तोंडाचा, टर्बोपासून तळापर्यंत सलग उताराचा. रबर फक्त दोन्ही टोकांना, इंजिनाच्या हादऱ्यांपुरतं. आणि पत्रा दोन बोटं खाली सरकवायचा.

रबरासाठी ताईच मला अफझलगंजला घेऊन गेली. मुसी नदीच्या पुलावरून नाक दाबत पलीकडे गेलो. गल्लीत एकेका वस्तूचं एकेक दुकान, नुसत्या दोरांचं, नुसत्या पत्र्याच्या डब्यांचं, नुसत्या नळ्यांचं. नांदेडला एकच दुकानदार हे सगळं विकतो आणि वर खतही ठेवतो. नळ्यांच्या दुकानदारानं आधी पाण्याची नळी पुढं केली. "येच सब लेके जाते, मैडम." मी नको म्हटलं. पाण्याच्या नळीचं रबर गरम ऑइलमध्ये फुगतं आणि आतून तोंड बंद होतं. नवीच अडचण विकत घेतल्यासारखं. ताईनं हे ऐकलं आणि पुढचा सगळा संवाद तिनंच तेलुगूत आणि दखनीत केला. मला एवढंच समजलं, की 'तेल' हा शब्द ती बोट आपटून आपटून सांगत होती. दुकानदार माळ्यावर चढून आत दोऱ्याचं विणकाम असलेली, ऑइलसाठीची जाड नळी घेऊन आला.

लोखंडी नळी वाकवताना चेपू नये म्हणून सत्तारभाईंनी तिच्यात कोरडी वाळू ठासून भरली, तापवली आणि गुडघ्यासारखी सुरेख वाकवली. टोकं मी जुळवली, झाळ त्यांनी मारली. मितूनं क्लिपा आवळल्या. तिच्या बारीक हाताला जिथं जाता येत होतं तिथं आमचे जात नव्हते. शिवाय मी हवेच्या तोंडाला एक झडप बसवली. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की हवा बंद, आणि हवा बंद तर इंजिन बंद, मग ते कशावरही धावत असो. मुठीजवळ मी रंगानं 'हवा बंद' लिहिलं.

मितूनं अक्षर अक्षर लावून वाचलं. "ह-वा बं-द. मावशी, तेलुगूत लिही ना."

"मला येत नाही. तू मराठी वाचायला शीक."

ताईनं स्वतः बसून ती मूठ ओढून पाहिली. चालू इंजिन तिच्या हातानं बंद झालं. तिनं पुन्हा चालू करायला लावलं, पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा सत्तारभाई म्हणाले, "आपा, बस करो, बॅटरी रोएंगी."

अनंतगिरी

रविवारी पहाटेच ताई तयार होऊन बसली होती. "मी मागं बसते," एवढंच म्हणाली. भाऊजींची ड्युटी होती. मितू चालवायला, मी बाजूला, मागं ताईशेजारी मितूच्या औषधांच्या पेट्या.

चेवेल्ल्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वडाची जुनी झाडं आहेत. पारंब्या रस्त्यावर लोंबतात, ऊन तुकड्यातुकड्यानं खाली येतं. वाटेत मितूनं मुद्दाम थांबवत थांबवत नेली. प्रत्येक थांब्याला आम्ही तिघी मागं वळून पाहायचो. मागं रस्ता दिसायचा, झाडं दिसायची, धूर नाही.

घाट सुरू झाला तशी मी आरशाकडे नजर लावली. मितूनं दुसरा टाकला, टर्बोची शिट्टी वाजायला लागली आणि जीप औषधांच्या पेट्यांसकट चढत गेली. वर दाट झाडी, साग, मधेच बिबव्याची झाडं. याच डोंगरात मुसी उगम पावते. आम्ही उतरून पाहिलं. हातभर रुंदीचं, तळाचा दगड दिसेल असं पाणी. ताईनं त्यात हात बुडवला आणि म्हणाली, "पुलावर हिलाच नाक दाबतो आपण?"

मितूचं कामाचं गाव पुढं उतारावर होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब. कुलूप होतं, आम्ही नुसतं पाहून परतणार होतो. जीपच्या मागं पेट्या पाहून एक बाई धावत आली. तिचं नाव लक्ष्मम्मा हे नंतर कळलं. ती हात जोडून "मेका, मेका" म्हणत होती. मेका म्हणजे शेळी. पहाटेपासून शेळी अडली होती.

मितू माझ्याकडे वळली नाही, आईकडेही नाही. मागची पेटी काढली आणि चालायला लागली.

शेळी गोठ्याच्या कोपऱ्यात पाय ताणून पडली होती, डोळे पांढरे. मितूनं कोपरापर्यंत हात धुतले, ऑइलचे डाग कालच्या कामाचे राहिलेच होते, त्यावर लांब मोजे चढवले. "आई, डोकं धर हिचं. घट्ट. बोलत राहा तिच्याशी."

ताई शेणात गुडघे टेकून बसली. नवी साडी होती. तिनं शेळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटायला लागली. करडाचं डोकं आत मागं वळलं होतं. मितू डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ते शोधत होती. शेळी ओरडली, ताईनंही डोळे मिटले. मग मितू म्हणाली, "सापडलं," आणि हळूहळू, शेळीच्या कळेबरोबर, ओढायला लागली.

करडू बाहेर आलं ते निपचित. लक्ष्मम्मानं तोंडावर पदर घेतला. मितूनं त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, मागचे पाय धरून उलटं केलं, गवतानं पाठ खसाखसा चोळली. काही होईना. तिनं पुन्हा चोळली. करडू शिंकलं, मान झटकली आणि एवढ्याशा देहातून केवढा तरी मोठा आवाज काढला. दुसरं त्याच्यामागून आपणहून आलं.

लक्ष्मम्मानं आम्हाला सर्वपिंडी खाऊ घातली. तांदळाच्या पिठाचं, शेंगदाणे आणि तीळ घातलेलं, बोटांनी भोकं पाडून तव्यात खरपूस केलेलं. चवीला थालीपिठाची बहीण. ताई गोठ्याच्या दाराशी बाजेवर बसून खात होती. साडीवर नको ते सगळं लागलेलं होतं. मितू शेळीला पाणी पाजत होती आणि लक्ष्मम्मा तिला 'डॉक्टरम्मा' म्हणत होती. ताई ते प्रत्येक वेळी ऐकत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊजी होते. ते काळजीनं काय विचारत असतील ते मला बसल्या जागी कळलं.

"जीप?" ताई म्हणाली. "जीपला काय धाड भरलीय? अहो ऐका, आपल्या पोरीनं शेळी सोडवली. दोन झाली! हौ, दोन! दोन्ही उभी राहिली."

आणि भाऊजींना ऐकू यावं म्हणून तिनं फोन करडांच्या तोंडाशी नेऊन धरला.